चान मे बंदरावरून दा नांगच्या चाम शिल्पसंग्रहालयात: मोजक्या वेळात कसं जमवलं

क्रूझच्या वेळापत्रकात ‘दा नांग’ असं ठळक छापलेलं असलं, तरी शेजारच्या कंसात काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय पुढचं काही ठरवू नका. आमच्या कंसात बारीक अक्षरांत ‘चान मे’ होतं. व्हिएतनामच्या दा नांग शहराचं स्वतःचं बंदर आहे, तिएन सा, गावाला अगदी चिकटून. चान मे मात्र त्याच्या उत्तरेला, हाय व्हान घाटाच्या पलीकडे, कागदोपत्री ह्युए शहराच्या हद्दीत. मोठी प्रवासी जहाजं बरेचदा तिथेच धक्क्याला लागतात. तिथून दा नांगला गाडीने जायला सव्वा ते दीड तास. जाऊन-येऊन तीन तास तिथेच गेले असं धरून चालायचं आणि उरलेल्या वेळात काय बसतं ते बघायचं. आमच्या उरलेल्या वेळात चाम शिल्पसंग्रहालय बसलं, आणि नीट बसलं.

मार्च २०२५. नवरा, सासूबाई आणि मी. सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परतणारं जहाज, मधली सगळी बंदरं व्हिएतनामची. सासूबाईंचं वय चौऱ्याहत्तर, गुडघे जिन्याला घाबरतात, पण देवळं आणि मूर्ती म्हटल्या की पाय आपोआप उचलतात. त्यांनी निघायच्या आधीच बजावलं होतं, “अगं, मला त्या बाजारांत फिरवू नकोस. तिकडे आपले देव आहेत म्हणतात, ते दाखव.” तिकडे म्हणजे चंपा. व्हिएतनामच्या मध्य आणि दक्षिण किनाऱ्यावर चाम लोकांची राज्यं हजार वर्षांहून जास्त टिकली. राजांची नावं भद्रवर्मन, इंद्रवर्मन. शिलालेख संस्कृतात आणि जुन्या चाम भाषेत. देवळं मुख्यतः शिवाची. आपल्या शाळेतल्या इतिहासात हे सगळं एका ओळीत उरकलेलं असतं.

आधी कागदपत्रं, कारण खरी धाकधूक तिथेच होती.

जहाज सिंगापूरहून निघून सिंगापूरला परतणार, म्हणजे सिंगापूरमध्ये दोनदा प्रवेश. त्यामुळे सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा हवा. तो अधिकृत एजंटामार्फतच करावा लागतो. एजंटाला हे स्पष्ट सांगा आणि हातात आल्यावर त्यावर तसं छापलंय का ते स्वतः बघा. शिवाय सिंगापूरचं अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं असतं, तेही पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत. ते फुकट असतं. पैसे मागणारी साइट दिसली की मागे फिरा.

व्हिएतनामचा ई-व्हिसा आपला आपण भरता येतो. सरकारी साइटच्या पत्त्याच्या शेवटी ‘डॉट गव्ह डॉट व्हीएन’ असतं. हुबेहूब तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या साइट दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. सिंगल एंट्रीला २५ डॉलर, मल्टिपलला ५०, आणि अर्ज नामंजूर झाला तरी पैसे परत नाहीत. आता प्रश्न असा, की एकाच देशाच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जाणारं जहाज मधे देश सोडतं की नाही? तिकीट काढून देणाऱ्यांना दोनदा विचारलं, दोन वेगळी उत्तरं आली. पंचवीस डॉलरसाठी बोटीवर अडकून पडायची आमची तयारी नव्हती. मल्टिपल घेतला.

फॉर्ममध्ये प्रवेशाचं आणि बाहेर पडण्याचं ठिकाण निवडावं लागतं. यादीत विमानतळ, जमिनीवरच्या सीमा आणि बंदरं सगळी एकत्र असतात. बंदरांपर्यंत खाली जा, चान मेचं नावही तिथे आहे. जहाज व्हिएतनाममध्ये ज्या बंदरात पहिल्यांदा लागतं ते प्रवेशाचं ठिकाण, शेवटचं ते बाहेर पडण्याचं. राहण्याच्या पत्त्यात आम्ही जहाजाचं नाव आणि बंदर लिहिलं, चाललं. फोटो चष्म्याविना लागतो. सासूबाईंनी चष्मा काढला की त्या डोळे बारीक करतात, त्यामुळे त्यांचा फोटो भिंतीपाशी बसवून बऱ्याच वेळा काढला. बँकेच्या कार्डावर परदेशी व्यवहार चालू आहेत ना, ते आधी बघून ठेवा. पैसे भरताना पान अडकलं तर पुन्हा पहिल्यापासून.

नियमाने तीन कामाचे दिवस लागतात. आम्ही ३ फेब्रुवारीला अर्ज टाकले. त्या वर्षी तिथलं नवं वर्ष, तेत, २९ जानेवारीला होतं आणि सरकारी कचेऱ्या त्याच सोमवारी उघडल्या होत्या, तेव्हा साचलेल्या गठ्ठ्यात आमचेही अर्ज गेले. नवऱ्याचा आणि माझा व्हिसा ७ तारखेला आला. सासूबाईंचा येईना. रोज सकाळी चहाबरोबर अर्जाचा क्रमांक टाकून बघायचा आणि ‘प्रक्रियेत’ असं वाचून फोन ठेवायचा, असा क्रम. त्या मात्र निवांत. “मला नाही दिला तर तुम्ही दोघं जा, मी बोटीवर जेवीन.” ११ तारखेला आला. प्रत्येकाच्या तीन-तीन छापील प्रती काढल्या. त्यातली एक जहाजावर चढतानाच जमा करून घेतात, पासपोर्टही तेव्हाच घेतात. पासपोर्ट हातातून गेला की पोटात गोळा येतो, पण ही तिथली नेहमीची पद्धत आहे. पहिल्या पानाची रंगीत झेरॉक्स आणि फोनमध्ये फोटो मात्र ठेवाच.

मग जायचं कसं? जहाजाची स्वतःची दा नांग सहल होती, माणशी शंभर डॉलरच्या वर, आणि त्यात संग्रहालयाला पाऊण तास. बाकी वेळ मार्बल डोंगर, पॅगोडा आणि एक ‘कलाकुसरीचं केंद्र’, ज्याचा अर्थ दुकान. या सहलींचा एक मोठा फायदा मान्य करायला हवा: त्यांची बस उशिरा आली तर जहाज थांबतं. आपण आपले गेलो आणि उशीर झाला तर जहाज निघून जातं, आणि पुढचं बंदर आपण आपल्या खर्चाने गाठायचं. हे पत्करायचं असेल तरच स्वतंत्र गाडी करा, आणि परतीला भरपूर वेळ हाताशी ठेवा.

आम्ही स्वतंत्र गाडी केली. निघायच्या आधीच दा नांगच्या एका गाडीवाल्याशी व्हॉट्सअ‍ॅपवर ठरवलं: सात आसनी गाडी, दिवसभरासाठी वीस लाख डाँग, पैसे परत बंदरावर सोडल्यावर. वीस लाख ऐकून दचकू नका, साधारण सहा हजार आठशे रुपये. जहाजावर दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या टेबलावर एक मल्याळी जोडपं भेटलं, दोघेही निवृत्त शिक्षक. त्यांनाही तेच बघायचं होतं, खर्च पाच जणांत वाटला गेला. चान मेच्या फाटकाबाहेर टॅक्स्या उभ्या असतात, पण तिथे भाव आयत्या वेळी ठरतो आणि तोवर हजार-दीड हजार माणसं एकदम उतरलेली असतात.

आणि वेळ! जहाजाची वेळ आणि गावाची वेळ वेगळी असू शकते. आमचं जहाज पूर्ण सफरीत सिंगापूरच्या घड्याळाने चाललं, व्हिएतनाम त्याच्या एक तास मागे. फोन जमिनीवर उतरताच स्वतःहून स्थानिक वेळ दाखवायला लागतो. ‘साडेपाचला सगळे जहाजावर’ अशी पाटी होती, म्हणजे फोनमधले साडेचार. नवऱ्याने त्यासाठी मुद्दाम जुनं चावीचं मनगटी घड्याळ आणलं होतं, त्याला हात लावायचा नाही अशी सक्त ताकीद. दिवसभरात पाचही जणांनी त्याचं मनगट ओढून बघितलं. खाली सगळ्या वेळा स्थानिक देते.

१४ मार्च, शुक्रवार. सातला जहाज लागलं. उतरायला मात्र घाई करून उपयोग नसतो. इमिग्रेशनचे अधिकारी जहाजावर येतात, शिक्के मारलेल्या कागदांचे गठ्ठे हलतात, मग डेकच्या क्रमाने थिएटरमध्ये बोलावतात. तिथे चेहरा आणि कागद ताडून एक छोटं कार्ड हातात देतात. ते कार्ड, जहाजाचं की-कार्ड आणि पासपोर्टची झेरॉक्स हे तिन्ही दिवसभर जवळ हवं, परत येताना फाटकावर लागतं. आमचा नंबर आठ वाजून गेल्यावर आला. सासूबाईंनी तोवर थिएटरमधल्या मऊ खुर्चीत एक डुलकी काढली. पावणेनऊला धक्क्यावर, तिथून फाटकापर्यंत बंदराची बस. खासगी गाड्यांना आत सोडत नाहीत, गाडीवाला बाहेर पाटी घेऊन उभा होता. त्याला इंग्रजी बेताचं, आम्हाला व्हिएतनामी शून्य. भाषांतराच्या अ‍ॅपवर दोघांचंही भागलं. तो सासूबाईंना दोन्ही हातांनी पाण्याची बाटली द्यायचा. वडीलधाऱ्यांना वस्तू तशीच द्यायची तिथली रीत आहे म्हणे. त्यावर त्या त्याच्यावर इतक्या खूश, की परतेपर्यंत त्याला ‘बाळ’ म्हणत होत्या.

वाटेत लांग को खाडी लागते. डाव्या हाताला समुद्र, उजवीकडे डोंगर, मधे शांत उथळ पाणी. मग हाय व्हान बोगदा, सव्वासहा किलोमीटर लांब, २००५ मध्ये सुरू झालेला. वरचा घाटरस्ता फार सुंदर आहे असं सगळे सांगतात, पण त्याला वेळ जास्त लागतो. आम्ही बोगद्यातूनच गेलो आणि बोगद्यातूनच आलो. शहरात शिरल्यावर एका एटीएमशी थांबून पैसे काढले. एक लक्षात ठेवा: वीस हजारांची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळसर. घाईत दोन्ही सारख्याच वाटतात. मोठ्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात.

दहा वीसला संग्रहालयाच्या दारात. हान नदीकाठी, ड्रॅगन पुलाच्या पश्चिम टोकाशी, पिवळ्या रंगाची बुटकी, ऐसपैस इमारत. १९१५ मध्ये बांधायला घेतली, १९१९ मध्ये उघडली. ऑंरी पार्मांतिए या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाच्या सूचनेवरून तिच्या रचनेत चाम मंदिरांचे घाट वापरले आहेत, आणि पुढे काही काळ संग्रहालयाला नावही त्याचंच होतं. आवारात चाफ्याची झाडं. तिकीट साठ हजार डाँग, म्हणजे दोनशे रुपयांच्या आसपास. वेळ सकाळी साडेसात ते संध्याकाळी पाच. फोटो काढता येतात, फ्लॅश नको. जुन्या दालनांना एसी नाही, कमानी उघड्या, वारा खेळता. उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी पंखा आणि पाणी न्यावं. बहुतेक सगळं तळमजल्यावर असल्याने सासूबाईंचे गुडघे बचावले. बसायला बाकही आहेत, पण थोडेच. दिसला की बसून घ्यायचं.

जहाजांच्या बसगाड्या इथेही येतात. आम्ही आत शिरलो तेव्हा झेंडा धरलेल्या बाईमागे चाळीसेक लोक मी-सन दालनात घुसत होते. मग आम्ही मागच्या दालनांपासून सुरुवात केली आणि उलट्या क्रमाने आलो. या एका गोष्टीने फार फरक पडला. पंधरा-वीस मिनिटांत गट पुढे सरकतात, मग खोली आपली.

दालनांची नावं मूर्ती जिथून आल्या त्या गावांवरून आहेत: मी-सन, त्रा क्यू, दोंग जुओंग, थाप माम. उलट्या क्रमाने म्हणजे आम्ही आधी सगळ्यात उशिराच्या, थाप मामच्या, बाराव्या-तेराव्या शतकातल्या शिल्पांपुढे उभे. इथे देव कमी, प्राणी जास्त. मकर, गरुड आणि हत्तीचं डोकं-सिंहाचं धड असलेले गजसिंह. अंगभर नक्षी, दात विचकलेले, तरीही खोडकर. चंपाची राजधानी तेव्हा दक्षिणेला विजय इथे होती आणि एकीकडे ख्मेर (आजच्या कंबोडियाचे), दुसरीकडे दाइ व्हिएत (उत्तरेचं व्हिएतनामी राज्य) अशा लढाया चालू होत्या. १४७१ मध्ये दाइ व्हिएतने विजय जिंकून घेतलं. मूर्ती ठेवायच्या एका पीठाभोवती ओळीने नुसते स्तन कोरलेले आहेत, दुसरं काहीही नाही. आमच्या मल्याळी सरांनी तिथे घाईघाईने माहितीफलक वाचायला घेतला. सासूबाई म्हणाल्या, “जगाला दूध पाजणारी आई आहे, त्यात लाजायचं काय?”

दोंग जुओंगचं दालन एकदम वेगळं. इंद्रवर्मन दुसरा याने ८७५ मध्ये तिथे बौद्ध विहार उभारला आणि तो लक्ष्मींद्र लोकेश्वराला वाहिला, नावातच राजा आणि बोधिसत्त्व मिसळलेले. मूर्तींचे चेहरे रुंद, ओठ जाड, भुवया जुळून एक सलग लाट झालेली. द्वारपाल पुरुषभर उंचीहून मोठे, पायाखाली जनावर. बुद्ध खुर्चीवर बसल्यासारखा पाय खाली सोडून, हात गुडघ्यांवर ठेवून बसलेला. आपल्याला पद्मासनातल्या बुद्धाची इतकी सवय असते की तो आत्ता उठून काहीतरी विचारेल असं वाटतं. याच गावात १९७८ मध्ये गावकऱ्यांना तारा या बौद्ध देवीची ब्राँझची मूर्ती सापडली. ती आता व्हिएतनामच्या राष्ट्रीय ठेव्यांपैकी एक आहे.

त्रा क्यू म्हणजे जुनं सिंहपूर. त्याच्या दालनात मी सगळ्यात जास्त वेळ काढला. एका पीठावर नर्तकी आणि वादक आहेत, दगड असूनही कंबर, गुडघा आणि मान तीन दिशांना वळलेली. दुसरं पीठ चौकोनी, वर शिवलिंग, चारही कोपऱ्यांत भार पेलणारे सिंह, आणि चारही बाजूंना लहान आकृत्यांची पट्टी. एका ठिकाणी धनुष्य मोडण्याचा प्रसंग, एका बाजूला अप्सरांची रांगच रांग. अभ्यासकांचं यावर एकमत नाही. काही म्हणतात हे सीतास्वयंवर, काही म्हणतात भागवतातला कृष्ण. मी सासूबाईंना हे वाचून दाखवलं आणि म्हटलं, “धनुष्य मोडलंय म्हणजे रामच की हो, आई.”

“असं कसं? कृष्णानेही मोडलंय. मथुरेत, कंसाच्या धनुर्यागात.”

मी गप्प. मग आम्ही दोघी त्या पीठाभोवती पुन्हा एकदा फिरलो, राम समजून आणि कृष्ण समजून. दोन्ही गोष्टी जुळतात, दोन्हींत कुठे ना कुठे अडतं. पट्टी जमिनीपासून फार उंच नाही, नीट बघायचं तर वाकावं लागतं, आणि दगडाची झीज इतकी की चेहऱ्यांवरून काही कळत नाही. हात कुठे टेकलाय, कोण कुणाकडे वळलंय यावरूनच गोष्ट लावायची. मल्याळी बाईंनी स्वतःचा तिसरा पर्याय काढला. नवरा घड्याळ दाखवायला लागला.

मी-सनचं दालन शेवटी घेतल्याने ते जवळजवळ रिकामं मिळालं. मी-सन हे चंपाचं मुख्य शिवक्षेत्र. चौथ्या शतकात भद्रवर्मनाने तिथे भद्रेश्वराचं देऊळ बांधलं, त्यानंतर शतकानुशतकं देवळांची भर पडत गेली. १९६९ मध्ये अमेरिकी बाँबहल्ल्यांत त्यातली बरीच पडली. आज ती जागा जागतिक वारसा आहे आणि आपल्या पुरातत्त्व विभागानेही तिथे जतनाचं काम केलंय. २०२० मध्ये त्याच कामात नवव्या शतकातलं अखंड दगडी शिवलिंग सापडलं होतं. पण तिथली उत्तम शिल्पं बघायची तर दा नांगलाच यावं लागतं. देवळं तिकडे, मूर्ती इकडे.

सातव्या शतकातलं ई-१ देवळाचं (मी-सनच्या देवळांना असे क्रमांक आहेत) पीठ खोलीच्या मधोमध आहे. तेही लिंगाचंच, पण त्याच्या बाजूंवर चक्क आश्रमातलं रोजचं जगणं. एक तपस्वी बासरी वाजवतोय, एक वीणा, एक जनावरांना उपदेश करतोय. एक तर दुसऱ्याकडून अंग रगडून घेतोय, डोळे मिटून. पायरीच्या दगडावर तीन नर्तकी, हातात उपरणी ताणून, मागे वाकलेल्या. त्याच देवळाच्या दर्शनी पट्टीवर शेषशायी विष्णू आणि नाभीतून उगवलेल्या कमळावर ब्रह्मदेव. दोन टोकांना पक्ष्याचे पाय असलेल्या आकृत्या साप धरून उभ्या.

आणि गणपती. ई-५ देवळातला, सातव्या-आठव्या शतकातला, उभा. आपल्याकडे बसलेला गणपती बघून डोळे तयार झालेले, त्यामुळे हा आधी नुसता एक ठेंगणा, रुंद खांद्यांचा मुलगा वाटतो. जवळ गेल्यावर बारकावे दिसतात: कपाळावर तिसरा डोळा, खांद्यावरून सापाचं जानवं, कमरेला वाघाचं कातडं. डाव्या हातात वाटी आणि सोंड त्या वाटीत. काही हात तुटलेत, पण वाटीचा हात शाबूत. सासूबाईंनी चप्पल काढायला वाकायला सुरुवात केली, मी म्हटलं, “आई, संग्रहालय आहे.” त्यांनी चप्पल तशीच ठेवली, हात मात्र जोडले. कोपऱ्यातल्या खुर्चीवरची पहारेकरीण उठली, मला वाटलं आता काहीतरी बोलणार. तिने मागची खुर्ची पुढे सरकवली आणि सासूबाईंना बसायची खूण केली. दहा मिनिटं त्या गणपतीसमोर बसून होत्या. “उंदीर कुठाय याचा?” एवढंच विचारलं. मूर्तीपाशी तरी दिसला नाही.

घाईत असाल तर मी-सन आणि त्रा क्यू या दोन दालनांना दीड तास द्या, बाकीचं चालता चालता. आम्ही पावणेतीन तास काढले. महत्त्वाच्या शिल्पांपाशी इंग्रजी माहिती आहे, पण त्रोटक. जायच्या आधी थोडं वाचून गेलात तर तिथे फलक वाचण्याऐवजी दगड बघता येतो.

सव्वा वाजता बाहेर. शाकाहारी जेवण मिळेल का ही धास्ती होती. ‘चाय’ अशी पाटी शोधायची, त्याचा अर्थ शाकाहारी. त्या दिवशी पौर्णिमा होती, घरी धुळवड, आणि तिथे पौर्णिमेला खूप लोक शाकाहार करतात, त्यामुळे खाणावळ तुडुंब. जागेसाठी वीस मिनिटं थांबलो. भात, टोफू, मशरूमचा रस्सा, पालेभाजी. पाच जणांचे मिळून तीन लाख डाँगच्या आत. मासळीचा सॉस न घालायचं अ‍ॅपवर लिहून दाखवलं, मालकीणबाई हसल्या आणि भिंतीवरच्या बुद्धाकडे बोट केलं.

सव्वादोनला निघालो. शहराबाहेर पडताना ट्रक अडकला होता, तिथे पंधरा मिनिटं गेली आणि गाडीत कुणी कुणाशी बोलेना. बोगदा ओलांडला तेव्हा जीव भांड्यात पडला. चारला दहा कमी असताना फाटकावर. गाडीवाल्याला वीस लाख मोजून दिले, वर थोडे. कार्ड, झेरॉक्स, बॅगांची तपासणी, बस, आणि सव्वाचारला जहाजावर. जेमतेम पंधरा मिनिटं हाती होती. एवढ्या काठावर कुणी जाऊ नये. पुन्हा जायचं झालं तर मी दीड वाजताच निघेन आणि जेवण बांधून घेईन.

पासपोर्ट सफरीच्या शेवटच्या रात्री परत मिळाले.

मी-सनला प्रत्यक्ष जायचा मोह होईल. दा नांगपासून ते अजून सत्तर-एक किलोमीटर आहे, त्यामुळे चान मेवरून एका दिवसात संग्रहालय आणि मी-सन दोन्ही करू नका. जहाज तिएन साला लागणार असेल तर गणित बदलतं: संग्रहालय पंधरा-वीस मिनिटांवर येतं, सकाळी साडेसातला दार उघडताच आत शिरता येतं आणि दुपारी होई आन हे जुनं गाव किंवा मार्बल डोंगर सहज जमतो. जहाज रात्री मुक्कामाला असेल आणि आठवड्याचा शेवट असेल, तर नऊ वाजता संग्रहालयाशेजारचा ड्रॅगन पूल तोंडातून आग ओकतो. तो रस्त्यावरूनच दिसतो, त्याला तिकीट नाही.